समुद्रावरून एकटा परतलेला जावई

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. चेहरा एका केसचा आठवतो, गाव दुसरीचं. अंदमानच्या सहलीला गेलेल्या त्या मुलीची केस मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मिरजेच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. यातली बरीच माणसं हयात आहेत, म्हणून नाव कुणाचंच देत नाही. काही ठिकाणंही मुद्दाम मोघम ठेवली किंवा बदलली आहेत.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. रात्रपाळीचा ठाणे अंमलदार दिवसपाळीच्या अंमलदाराकडे चार्ज देत होता. एवढ्यात फाटकातून एक उंच, ताठ कण्याचे वयस्कर गृहस्थ आत आले. पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट. मागे दोन तरणीताठी मुलं. गृहस्थांनी टाचा जुळवून मला सलाम केला आणि म्हणाले, "सुभेदार, रिटायर. गाव रहिमतपूरच्या पल्याड."

घरचा ऊस, बागायत जमीन, गावात शब्दाला मान. थोरला मुलगा शेती बघायचा, धाकटा फौजेत होता आणि रजेवर आला होता. एकुलती मुलगी मिरजेत दिलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जावई टेलिफोन खात्यात नोकरीला. सरकारी नोकरांना मिळणारी प्रवास सवलत घेऊन तो बायकोसह अंदमानला गेला होता. सांगली-मिरजेची आणखी काही जोडपी बरोबर होती. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे बोट. पोर्ट ब्लेअरला उतरून रोज एक बेट बघायचं, अशी ती सहल.

"गेली दोघं, आला एकटा," सुभेदार म्हणाले. "समुद्रानं न्हेली म्हणतोय. साहेब, मला पटत न्हाई."

"का पटत नाही?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. आत मंगळसूत्र होतं.

"ह्ये आणून माझ्या घरच्यांच्या हातात दिलं त्येनं. म्हणतोय, पाण्यात उतरायच्या आधी तिनं काढून ठेवलं हुतं. आवं, आमच्यातली बाई अंघोळीला बसली तरी गळ्यातलं काढत न्हाई. आणि तेराव्याला बस म्हणलं तर बसंना. शेवटाला म्याच घातलं, माझ्या दारात. बायकूचं दिवस घालंना असला कसला नवरा? त्येनं मारली माझी पोरगी."

एवढं बोलून त्यांनी मंगळसूत्र पुन्हा रुमालात गुंडाळलं. थोरला मुलगा खाली बघत होता. धाकट्याने इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"साहेब, ती मेलीया नव्हं, नक्की?"

सुभेदारांनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मी तक्रारअर्ज लिहून घेतला, पोच दिली, चहा पाजला आणि त्यांना रवाना केलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. बाप विचारत होता, कुणी मारली. भाऊ विचारत होता, मेली का. मेलेल्या बहिणीबद्दल भाऊ असं विचारत नाही. ठाण्यात माणूस काय उत्तर देतो यापेक्षा काय विचारतो, तिकडे लक्ष ठेवावं, असं माझे पहिले साहेब मला सांगत. त्या दिवशी त्यांची आठवण झाली.

घटना आमच्या हद्दीतली नव्हती. ती घडली होती हॅवलॉक नावाच्या बेटावर. मी नियंत्रण कक्षातून पोर्ट ब्लेअरला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं, ते असं: महिला पाण्यात वाहून गेल्याची खबर पतीने दिली आहे, स्थानिक कोळ्यांनी शोध घेतला, प्रेत मिळून आलं नाही, चौकशी सुरू आहे. त्यापुढे त्यांनाही काही माहीत नव्हतं.

मग जावयाला बोलावलं. तिशीच्या आतबाहेरचा, किडकिडीत, चष्मा लावणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट, पण दाढी वाढलेली. वडील नव्हते. म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. त्याने जबाब दिला तो अगदी थोडक्यात.

"सकाळी आम्ही दोघंच लांबच्या किनाऱ्यावर गेलो. ती गुडघाभर पाण्यात उतरली. मोठी लाट आली. मग दिसली नाही. मला पोहता येत नाही."

पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. मधे काही दिवस जाऊ दिले, परत विचारलं. तरी तेच, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. खरा धक्का बसलेला माणूस सांगताना मागेपुढे होतो. एक गोष्ट दोनदा सांगतो, मधलीच विसरतो. खोटं बोलणारा बहुधा सजवून सांगतो, न विचारलेलंही पुरवतो. हा दोन्हींत बसत नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा तसं सांगून तो थांबायचा. मंगळसूत्राबद्दल विचारलं तर म्हणाला, "त्यांचं होतं, त्यांना दिलं." तेराव्याबद्दल विचारलं तर गप्प. 'तुम्ही माझ्यावर संशय घेताय का' असं त्याने एकदाही विचारलं नाही. निर्दोष माणूस हे पहिल्या दिवशीच विचारतो. दोषी माणूस तर त्याच्याही आधी.

आमचे हवालदार जुने होते. म्हणाले, "साहेब, जरा दरडावून बघू का? चार तासांत फुटंल."

"फुटेल हो. पण फुटला की आपल्याला हवं ते बोलेल. मला झालं ते पाहिजे."

एकदाच तो धडा सोडून बोलला. मी सहज विचारलं होतं, "ते कोळी तिला शोधत होते तेव्हा तू कुठे होतास?" त्याचा चेहरा एकदम बदलला. चष्मा काढून तो पुसायला लागला.

"दिवसभर होड्या घेऊन फिरत होते साहेब ती माणसं. बंगाली. माझी ना ओळख ना पाळख. समुद्र खवळला होता. मी नको म्हणत होतो, तरी ऐकेनात."

"नको का म्हणत होतास? बायको होती ना तुझी?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा तोंड मिटलं.

इकडे गावात बोलणं वाढत होतं. त्याच्या गल्लीत, ऑफिसात सगळीकडे हाच विषय. त्याची आई भाजी आणायला गेली तर बायका बाजूला होत. कुणीतरी त्याच्या दारावर कोळशाने काहीबाही लिहिलं. माझ्या वरिष्ठांकडेही अर्ज गेले, की पोलीस आरोपीला पाठीशी घालतात. खरं सांगायचं तर अटक करावी इतका पुरावा नव्हता आणि सोडून द्यावा असा तो माणूसही नव्हता.

अशात एका दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. साठीच्या, मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. नवऱ्यासह त्याच सहलीला गेल्या होत्या. छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि समोर बसल्या.

"मी येणार नव्हते," त्या म्हणाल्या. "पण सगळे म्हणतात त्याला फासावर चढवणार. ते काही माझ्या मनाला पटेना."

"तुम्ही काय पाहिलंत?"

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. मद्रासहून बोटीत बसल्यापासून ती मुलगी कुणाशी बोलत नव्हती. सगळ्या बायका डेकवर येऊन उडणारे मासे बघायच्या, ही आत पडून असायची. नवरा तिला पाणी नेऊन द्यायचा, पण दोघं नवरा-बायकोसारखे वागत नव्हते. "दवाखान्यात एकाच खोलीत दोन अनोळखी पेशंट असतात ना, तसे. एकमेकांना सांभाळून घेणारे, पण परके." पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर एक तरुण भेटला. सामान उतरवायला हात लावला. मराठी बोलला म्हणून बाईंनी विचारलं, कुठला रे तू? तो म्हणाला, साताऱ्याकडचा.

"मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिने पदर इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. आणि नवरा तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या मुलाकडे बघत होता. त्याने नुसती मान हलवली. ओळखीच्या माणसाला हलवतो तशी."

"पुढे?"

"पुढे आम्ही बेटं हिंडलो. एका बेटावर इंग्रजांची पडकी घरं, त्यांच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखा घातलेला आणि मधून हरणं फिरतायत. दुसऱ्या ठिकाणी काचेच्या तळाची होडी. खाली रंगीत प्रवाळ, मासे. तिथे ती पहिल्यांदा हसली. लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली होती. मला म्हणाली, मावशी, इथं कुणी कुणाला ओळखत नाही, किती बरं ना. मग हॅवलॉक. त्या सकाळी दोघं निघाली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. भरलेली. तो परत आला तेव्हा पिशवी नव्हती."

"पोलिसांना तिथे सांगितलं नाहीत?"

बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी आयुष्यभर मेलेल्यांची माणसं बघितलीत साहेब. तो माणूस दुःखात होता, पण त्याचं कुणी मेलेलं नव्हतं. मला कळलं नाही, म्हणून बोलले नाही."

सुभेदारांचं गावही साताऱ्याकडचंच. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी तिथे गेलो. कुणाला कळू न देता पोलीस पाटलाला गाठलं. गावातलं कुणी अंदमानला आहे का, विचारलं. तो नाही म्हणाला. मग इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "बौद्ध वस्तीतल्या गुरुजींचा पोरगा कुठंतरी लांब हाय. पर त्येचं नाव गावात कुणी काढत न्हाई, साहेब."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. दोन खोल्यांचं, शेणाने नीट सारवलेलं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मी ओळख सांगितली. ते दचकले नाहीत. खुर्ची पुढे केली.

"मुलगा काय करतो?"

"डिप्लोमा इंजिनिअर आहे. सरकारी बांधकाम खात्यात. पोर्ट ब्लेअरला."

"इतक्या लांब?"

"जितकं लांब मिळेल तितकं त्याला पाहिजे होतं." गुरुजी समोर बसले. "सुभेदारांच्या दोन्ही मुलांना मी शिकवलंय. धाकट्याच्या अक्षराला वळण मी लावलं. त्याच धाकट्याने माझ्या मुलाला ओढ्याकडेला गाठून इतकं मारलं की महिनाभर अंथरुणात होता. तक्रार द्यायला मी चप्पल घालून निघालो होतो. मुलगाच म्हणाला, बाबा, तुम्हाला आणि आईला याच गावात राहायचंय. मी जातो."

"सुभेदारांची मुलगी कुठे आहे, गुरुजी?"

ते उठले, दार लोटून परत येऊन बसले.

"अर्धं मला माहीत आहे," ते म्हणाले. "आणि अर्धं मी मुद्दाम विचारलं नाही."

मी परत आलो आणि जावयाला बोलावून घेतलं. या वेळी हवालदारांनाही बाहेर बसवलं. दार लावून एकच वाक्य बोललो.

"ती जिवंत आहे."

त्याने नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. खुर्चीवरून उठला आणि माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. इतके दिवस न बोललेला तो माणूस एका दमात बोलू लागला.

"साहेब, मला आत टाका. खुनाचा गुन्हा लावा. मी कबूल करतो, कुठे सही करू सांगा. पण हे तिच्या भावांना सांगू नका."

त्याला बसवलं, पाणी दिलं. मग त्याने सगळं सांगितलं. लग्नानंतर काही दिवसांतच मुलीने त्याला खरं सांगितलं होतं, की मला बळजबरीने बोहल्यावर उभं केलं, मी तुम्हाला फसवणार नाही, माझं मन दुसरीकडे आहे. त्याला राग आला. कुणालाही येईल. तिला माहेरी नेऊन सोडायचं त्याने ठरवलं. त्याच आठवड्यात धाकटा भाऊ रजेवर आला असताना भेटायला आला. जेवताना बहिणीच्या देखत हसत हसत म्हणाला, "दाजी, हिचं काय कमीजास्त वाटलं तर नुसता निरोप धाडा. हितनं माघारी आली तर आमच्या रानात हीर हाय."

"विहिरीचं बोलताना तो हसत होता साहेब. आणि ती वाढत होती. तिचा हात थांबला नाही. तिला ते नवीन नव्हतं." त्याने मान खाली घातली. "परत पाठवली असती तर मी सुटलो असतो. ती सुटली नसती."

नोकरीच टेलिफोन खात्यात. त्याने पोर्ट ब्लेअरला फोन लावून त्या मुलाला शोधून काढलं. सहलीची कल्पनाही त्याचीच. जिवंत बायको पळून गेली म्हटलं की भाऊ माग काढणार. समुद्राने नेली म्हटलं की कुणी माग काढणार नाही. हॅवलॉकच्या त्या सकाळी त्याने तिला धक्क्यावर सोडलं. त्या मुलाकडे जाणारी सरकारी बोट सुटली. बोट दिसेनाशी होईपर्यंत थांबून तो किनाऱ्यावर गेला आणि ओरडायला लागला.

"आणि मंगळसूत्र?"

"तिने काढून दिलं. म्हणाली, आबांचं सोनं आहे, आईला द्या. मी काय करणार होतो ठेवून?"

ते ठेवून घेतलं असतं, समुद्रात गेलं म्हणाला असता, तर सुभेदारांना संशय घ्यायला जागाच उरली नसती. तेराव्याला निमूट बसला असता तरी चाललं असतं. पण जिवंत मुलीच्या नावाने पिंड द्यायला त्याचा हात धजला नाही.

मी पोलीस अधीक्षक साहेबांना समक्ष भेटून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. म्हणाले, "त्याच्या सांगण्यावर विसंबू नका. तुम्ही स्वतः तिला बघा. जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे झाला पाहिजे. आणि अहवाल थेट माझ्याकडे, सीलबंद."

एक महिला कॉन्स्टेबल बरोबर घेऊन मी मद्रासला गेलो आणि तिथून बोटीने अंदमानला. कृष्णा-कोयनेच्या काठावर वाढलेला माणूस मी. चारही बाजूंनी पाणीच पाणी पहिल्यांदा बघितलं. बोटीवर सहलीला निघालेली नवी जोडपी होती, फोटो काढत होती. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती मुलगी येत होती. याच डेकखाली ती पडून राहिली असेल, परत न येण्यासाठी निघालेली.

तो तरुण तेव्हा नील नावाच्या लहानशा बेटावर कामाला होता. भाताची खाचरं, केळी, भाजीचे मळे. समुद्र सोडला तर आपल्याकडचंच एखादं गाव वाटावं. त्याचं क्वार्टर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्ही साध्या कपड्यांत होतो, तरी तिने ओळखलं. पळाली नाही, आत गेली नाही. हातातला पिळा तसाच धरून उभी राहिली.

"मिरजेस्नं आलाय?"

"हो."

"आबा कसं हायत?"

मी म्हणालो, "तुझं तेरावं घातलं त्यांनी."

ती तिथेच पायरीवर बसली. महिला कॉन्स्टेबल तिच्याजवळ जाऊन बसली. तिने हातातला पिळा मांडीवर ठेवला. मग तिनेच विचारलं, "आन त्येंना? त्येंना त्रास दिला का तुमी?"

ती तिच्या नवऱ्याबद्दल विचारत होती. त्याच्यावर खुनाचा आळ आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ती उठली. "चला. मी येते. कुठं सांगायचं ते सांगते."

"मिरजेला यायची गरज नाही."

"न्हाई कशी? त्यो माणूस माझ्यापायी फासावर जायचा आणि मी हितं समुद्र बघत बसू?"

तिला समजावायला वेळ लागला. ती सज्ञान होती, स्वखुशीने निघाली होती. पोर्ट ब्लेअरला दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब नोंदवला. तिथल्या पोलिसांनी मृत्यूची चौकशी बंद केली. खोटी खबर दिल्याबद्दल पुढे जावयाला तिथल्या न्यायालयाने शिक्षा म्हणून दंड केला. तो त्याने भरला. दोघांची फारकतही नंतर रीतसर झाली. कुठल्या न्यायालयात, ते लिहीत नाही.

कायद्याचं काम तिथे संपलं. माझं अवघड काम पुढेच होतं. तक्रारदार बापाला त्याच्या तक्रारीचं काय झालं हे कळवणं भाग होतं. मी सुभेदारांना निरोप पाठवला, एकट्याने या. ते आले. तेच पॉलिश केलेले बूट. अंगाने मात्र निम्मे झाले होते. मी चेंबरचं दार लावून घेतलं.

"सुभेदार, तुमची मुलगी जिवंत आहे. मी तिला बघून आलोय."

क्षणभर त्यांना अर्थच लागला नाही. मग त्यांनी टोपी काढली, टेबलाची कड धरली आणि तो पल्टणीत आयुष्य काढलेला माणूस लहान मुलासारखा रडला. "जित्ती हाय? माझी बाय जित्ती हाय?" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांना रडू दिलं. सावरल्यावर त्यांनी विचारलं, "कुठं हाय?" मी सांगितलं. "कुणापाशी?" तेही सांगितलं, आणि धाकटा जावयापुढे विहिरीचं काय बोलला होता तेही.

त्यांचा चेहरा घट्ट झाला. भिंतीकडे बघत बसले. आता हा माणूस उठून जाईल, घरी जाऊन मुलांना सांगेल, असं मला वाटलं. तसं झालं तर काय बंदोबस्त लावायचा याचा विचार मी करत होतो. गुरुजींच्या घरावर पहारा ठेवावा लागला असता.

"माझ्या धाकट्यानं त्या पोराला मारलं तवा मला ठावं हुतं," ते शेवटी म्हणाले. "म्या अडीवलं न्हाई. वाटलं, बरं झालं." मग माझ्याकडे वळून, "हिरीचं बोलला हुता व्हय त्यो? दाजीम्होरं?"

"हो."

"बोलला आसंल तर करील. माझंच पोरगं हाय, म्या वळखतो."

त्यांनी डोळे पुसले, टोपी घातली आणि म्हणाले, "साहेब, माझी तक्रार न्हाई, आसं लिवून घ्या. पोरगी मेली माझी. समुद्रानं न्हेली. माझ्या घरात ह्येच ऱ्हाईल."

मी लिहून घेतलं, तक्रारदाराचा कुणावरही संशय राहिलेला नाही. ते जायला उठले तेव्हा जावई बाहेर बाकावर बसला होता. सहीसाठी मीच बोलावलं होतं. सासरा-जावई समोरासमोर आले. सुभेदारांनी त्याला किती शिव्या घातल्या होत्या, ते अख्ख्या मिरजेला माहीत होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "म्या तक्रार माघारी घेतली. पर लोकांचं तोंड कसं धरू? तुमच्यावर डाग ऱ्हाणार."

"राहू द्या, आबा," तो म्हणाला.

काही दिवसांनी धाकटा मुलगा एकटाच ठाण्यात आला. वाढवून घेतलेली रजा संपून पल्टणीत परत निघाला होता. तोच प्रश्न. "साहेब, मेली न्हवं ती?" मी त्याला म्हणालो, "तपासाचं जे सांगायचं ते तुझ्या वडिलांना सांगितलंय. त्यांना विचार."

"इचारलं. म्हणत्यात, साहेबांनी पुरावा दावला, मेली."

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि गेला. त्या घरात वर्षश्राद्धही झालं. पुढे एकदा मी आणि सुभेदार दोघंही साताऱ्याला कोर्टाच्या कामासाठी गेलो असताना भेटलो. "पिंड ठेवला," ते म्हणाले. "वाटलं, कावळा शिवायचा न्हाई, जित्त्या माणसाचा पिंड. सगळ्यांदेखत पितळ उघडं पडणार. पर ठेवल्या ठेवल्या शिवला. तवा कळलं साहेब, कावळ्याला काय बी कळत न्हाई."

जावयाने बदली मागून घेतली आणि आईला घेऊन दूरच्या शहरात गेला. तिथे त्याचं पुन्हा लग्न झालं. मिरजेत मात्र त्याचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी म्हणतं, बायकोला समुद्रात बुडवली तोच ना? एक-दोनदा माझ्यासमोरही असं बोलणं झालं आणि मला गप्प बसावं लागलं. माझ्या नोकरीत इतका जड मौनाचा प्रसंग दुसरा आला नाही.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी सुभेदार घरी आले. काठी हातात आली होती. ज्येष्ठ मंडळींच्या एका सहलीबरोबर ते अंदमानला जाऊन आले होते. गावात सांगितलं, काळ्या पाण्याचा तुरुंग बघायला जातोय. मुलांनी हौसेने पैसे दिले. तुरुंग बघून झाल्यावर सगळी मंडळी बेटं बघायला गेली आणि हे पाय दुखतात म्हणून मागे राहिले. मग एकटेच बोटीत बसले.

"दारात उभा ऱ्हायलो," ते सांगत होते. "पोरगी भाईर आली. केस पांढरं व्हायला लागल्यात तिचं. काय बोललीच न्हाई. जावयानं खुर्ची टाकली. गुरुजींच्या पोरानं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "नातीनं तांब्या आणला. उलशी पोर, तिला काय ठावं? म्हणाली, आजोबा, पाणी. साहेब, जनम गेला, गुरुजींच्या वस्तीत म्या कवा पायरी चढलो न्हवतो."

"मग?"

"मग काय. घोटभर प्यालो, आणि आणखी मागितलं."

या केसमध्ये मला कुणालाही अटक करता आली नाही. बक्षीस नाही, शेरा नाही. खात्याच्या हिशेबाने तो एक निकाली निघालेला अर्ज. पण तपास म्हणजे काय हे मला त्या अर्जाने शिकवलं. आम्हाला प्रशिक्षणात खरं कसं शोधायचं ते शिकवतात. ते शोधलेलं खरं कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणापासून राखायचं, हे कुठल्याच नियमावलीत नसतं. संशयित गप्प बसला की आम्ही समजतो, तो स्वतःला वाचवतोय. त्या टेलिफोन खात्यातल्या माणसाला बघितल्यापासून मी प्रत्येक गप्प माणसापुढे बसताना आधी स्वतःला विचारत आलो, हा वाचवतोय कुणाला? बहुतेक वेळा उत्तर 'स्वतःला' असंच निघालं. पण विचारायचं मी कधी सोडलं नाही.